शिलकीतली ऊर्जा : लांब पल्ल्याच्या स्त्री खेळाडूंची चरबी, चयापचय आणि स्नायू

निरोगी प्रौढ स्त्रीच्या वजनाचा साधारण पाव भाग चरबीचा असतो. लांब पल्ल्याच्या शर्यती धावणाऱ्या, सायकल चालवणाऱ्या किंवा पोहणाऱ्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण बहुधा १४ ते २० टक्क्यांवर येते. यातली सगळीच चरबी साठवणीची नसते. मेंदू, मज्जातंतूंची आवरणे, अस्थिमज्जा आणि पेशींची पटले यांच्या घडणीत चरबी असते आणि तिच्यावाचून शरीर चालत नाही. तिला अत्यावश्यक चरबी म्हणतात. पुरुषात ती वजनाच्या सुमारे ३ टक्के, तर स्त्रीत सुमारे १२ टक्के असते. गर्भारपण आणि स्तनपान यांसाठी स्त्रीचे शरीर मांड्या, नितंब आणि स्तन यांत जी तरतूद करून ठेवते, ती या फरकाच्या मुळाशी आहे. बाळाला पाजणाऱ्या आईला त्यासाठी रोज ५०० ते ६०० किलोकॅलरी जास्त लागतात. ही गरज अन्नाच्या टंचाईतही भागावी, अशी ती सोय आहे.

खेळाच्या मैदानावर मात्र चरबीकडे बराच काळ निव्वळ ओझे म्हणून पाहिले गेले. त्यामागे एक साधे गणित आहे. धावताना दर किलो वजनामागे दर किलोमीटरला सुमारे १ किलोकॅलरी खर्च होते. ५० किलो वजनाच्या स्त्रीला मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरसाठी सुमारे २,१०० किलोकॅलरी लागतात. वजन दोन किलोने उतरले तर त्यातल्या ८० ते ८५ वाचतात. ‘जितकी हलकी तितकी वेगवान’ ही समजूत इथूनच आली. गणित चुकीचे नाही, पण ते अर्धेच आहे. वजन उतरवताना शरीर कोणकोणत्या खात्यांतला खर्च कापते, हे त्यात कुठेच मांडलेले नसते.

उशिरा सुरू झालेला अभ्यास

उरलेले अर्धे गणित समजायला वेळ लागला, कारण लांब पल्ल्याच्या शर्यतींचे दार स्त्रियांसाठी उशिरा उघडले. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटर शर्यत झाली. धावून दमलेल्या स्त्रियांच्या अतिरंजित बातम्या वर्तमानपत्रांत आल्या आणि ती शर्यत थेट १९६० पर्यंत बंद राहिली. स्त्रियांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये यायला १९८४ साल उजाडले. तोवर व्यायामशास्त्रातले बहुतेक प्रयोग पुरुषांवर होत आणि त्यांचेच आकडे थोडे कमी करून स्त्रियांना लावले जात.

महाराष्ट्रात या शर्यतींची परंपरा आता रुजली आहे. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्यपदक मिळवले. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या. २००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाल्यानंतर हौसेने धावणाऱ्या स्त्रियाही रस्त्यावर दिसू लागल्या. त्यामुळे हा विषय आता मोजक्या पदकविजेत्यांपुरता राहिलेला नाही.

इंधनाच्या दोन कोठ्या

लांब पल्ल्याच्या शर्यतीत स्नायू मुख्यतः दोन इंधनांवर चालतात. पहिले ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर. ती स्नायूंत ४०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात सुमारे १०० ग्रॅम मावते. तिच्यातून २,००० किलोकॅलरींच्या आसपास ऊर्जा मिळते. दुसरे इंधन चरबी. ५० किलोच्या धावपटूची चरबी १८ टक्के धरली तर ती ९ किलो भरते. त्यातली अत्यावश्यक ६ किलो बाजूला ठेवली तरी ३ किलो उरते. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी असतात, म्हणजे हा साठा दहा मॅरेथॉनना पुरेल एवढा होतो. अगदी सडपातळ धावपटूचीही शर्यतीत चरबी संपत नाही. संपते ते ग्लायकोजेन. तिसाव्या किलोमीटरनंतर पाय एकाएकी जड होतात, त्याचे मुख्य कारण हेच.

मग शरीर सगळी शर्यत चरबीवरच का काढत नाही? चरबीपेशीतून मेदाम्ले सुटायची, रक्तातल्या प्रथिनाला चिकटून स्नायूपर्यंत जायची आणि तिथे मायटोकॉन्ड्रिया या पेशींतल्या ऊर्जाकेंद्रांत शिरायची, हा प्रवास संथ आहे. शिवाय एक लिटर प्राणवायू खर्चून साखरेतून सुमारे ५ किलोकॅलरी मिळतात, तर चरबीतून सुमारे ४.७. वेग वाढला, श्वास अपुरा पडू लागला की शरीर साखरेकडे वळते.

या बाबतीत स्त्रियांची एक जमेची बाजू आहे. आपापल्या क्षमतेच्या मानाने सारख्याच मध्यम वेगाने धावणारे स्त्री-पुरुष घेतले, तर स्त्रीचे शरीर चरबीचा वाटा अधिक वापरते आणि ग्लायकोजेन जपून खर्च करते. यात इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा मोठा हात आहे. स्त्रियांच्या स्नायूंत संथ पण न थकणाऱ्या तंतूंचा वाटाही सरासरीने जास्त असतो आणि त्या तंतूंत चरबीचे सूक्ष्म थेंब मायटोकॉन्ड्रियाला लागूनच साठवलेले असतात.

या थेंबांनी संशोधकांना काही काळ कोड्यात टाकले होते. टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांच्या स्नायूंतही असेच थेंब भरपूर सापडतात आणि तिथे इन्सुलिनचा परिणाम मंदावलेला असतो. खेळाडूच्या स्नायूंत थेंब तितकेच, तरी इन्सुलिन उत्तम काम करते. कोड्याचे उत्तर बऱ्याच अंशी उलाढालीत आहे. खेळाडूच्या स्नायूतला साठा रोज रिता होतो, रोज भरतो. बैठ्या शरीरात माल गोदामात पडून राहतो आणि त्याच्यापासून होणारे उपपदार्थ पेशीच्या कामात अडथळा आणतात. चरबी किती आहे याइतकेच ती कुठे आहे आणि फिरती आहे का, याला महत्त्व आहे.

व्यायाम करताना चरबी जास्त वापरली गेली म्हणून अंगावरची चरबी आपोआप घटते, असे मात्र नाही. दिवसभरात किती खाल्ले आणि किती खर्चले यावर ते ठरते. व्यायामशाळेतल्या यंत्रांवरचा ‘फॅट बर्निंग झोन’ या दोन गोष्टींची गल्लत करतो.

चरबीचा निरोप

१९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या न्यूयॉर्कमधल्या प्रयोगशाळेने लेप्टिन या संप्रेरकाचा शोध जाहीर केला. ते चरबीपेशींत तयार होते आणि साठ्याची खबर मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत पोचवते. भूक, शरीराचे तापमान आणि पाळी यांची सूत्रे हायपोथॅलॅमसकडेच असतात. चरबी हे केवळ कोठार नसून संप्रेरके सोडणारा अवयव आहे, हे त्यानंतर स्पष्ट झाले.

त्याआधी, १९७० च्या दशकात, अमेरिकी संशोधक रोझ फ्रिश यांनी एक कल्पना मांडली होती. मुलीला पाळी सुरू होण्यासाठी सुमारे १७ टक्के आणि ती नियमित राहण्यासाठी सुमारे २२ टक्के चरबी लागते, असे त्यांचे म्हणणे होते. कल्पना सोपी होती, पण मैदानावर ती टिकली नाही. १५ टक्के चरबी असलेल्या काही धावपटूंची पाळी महिन्याच्या महिन्याला येत होती, तर त्यांच्याहून भरलेल्या अंगाच्या काहींची थांबली होती.

या विसंगतीचा उलगडा अॅन लाउक्स यांच्या प्रयोगांनी झाला. त्यांनी निरोगी तरुणींचा आहार आणि व्यायाम काही दिवस काटेकोरपणे ठरवून दिला आणि पाळीचे नियंत्रण करणाऱ्या एलएच या संप्रेरकाचे स्पंदन मोजले. व्यायामाच्या खर्चाइतके अन्न वाढवून दिले तेव्हा व्यायामाने काही बिघडले नाही. अन्न कमी पडले तेव्हा पाचच दिवसांत स्पंदन विस्कळीत झाले. पाच दिवसांत अंगावरची चरबी काही फारशी हलत नाही. म्हणजे शरीर कोठारातल्या साठ्याबरोबर रोजची शिल्लकही पाहते, आणि आधी शिल्लक पाहते.

शिल्लक कशी मोजतात

या शिलकीला ‘उपलब्ध ऊर्जा’ म्हणतात. दिवसभरात खाल्लेल्या ऊर्जेतून व्यायामाचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या आकड्याला चरबी सोडून बाकी वजनाने भागायचे. ५० किलो वजन आणि २० टक्के चरबी असलेल्या धावपटूचे चरबीविरहित वजन ४० किलो. ती दिवसाला २,००० किलोकॅलरी खाते आणि सरावात ८०० खर्च करते, असे समजू. उरल्या १,२००. त्यांना ४० ने भागले की दर किलोमागे ३० येतात. लाउक्स यांच्या प्रयोगांत बिघाड सुरू झाला तो या आकड्याच्या खाली. हृदय, मेंदू, हाडे, पाळी, झीज भरून काढणे, अशी सगळी कामे नीट चालायला ४५ च्या आसपास शिल्लक हवी, असे मानले जाते. त्यासाठी याच धावपटूला रोज २,६०० किलोकॅलरी खाव्या लागतील.

३० ही काही दगडावरची रेघ नव्हे. कुणाचे शरीर त्याच्या वरही कुरकुरते, कुणाचे खाली काही काळ निभावते. दिशा मात्र सगळ्यांच्या बाबतीत एकच असते.

ही तूट दरवेळी हट्टाने केलेल्या उपाशीपणातून येत नाही. कठीण सरावानंतर काही तास भूकच मरते. चोथा जास्त असलेले जेवण लवकर पोट भरते, पण ऊर्जा कमी देते. पहाटे रिकाम्या पोटी धावून आल्यावर घोटभर चहा, मग घरच्यांचे डबे, मग नोकरीची घाई आणि पहिले धड जेवण दुपारी, असा दिवस असेल तर तूट नकळत साचते. त्यात आठवड्याचे उपवास आले की ती वाढते.

शरीराची काटकसर

शिल्लक कमी पडली की शरीर काटकसर सुरू करते. थायरॉइडचे टी३ हे संप्रेरक घटते, विश्रांतीच्या वेळचा ऊर्जाखर्च कमी होतो, लेप्टिन आणि इन्सुलिन उतरतात, कॉर्टिसॉल वाढते. पुनरुत्पादन हे जीव तगवण्यासाठी निकडीचे काम नसल्यामुळे त्यावरचा खर्च लवकर कापला जातो. पाळी लांबते, हलकी होते किंवा थांबते. हात-पाय गार पडणे, बद्धकोष्ठता, केस गळणे, चिडचिड, मोडलेली झोप आणि वारंवार सर्दी-खोकला ही त्याची इतर चिन्हे.

यात फसवणूक अशी की वजन घटेलच असे नाही. खर्चच कमी झाल्याने काटा जागेवर थांबतो आणि धावपटूला वाटते, अजून कमी खाल्ले पाहिजे.

१९९२ साली अमेरिकेतल्या क्रीडावैद्यक तज्ज्ञांनी खाण्यातले बिघाड, थांबलेली पाळी आणि ठिसूळ हाडे यांचे त्रिकूट ‘फीमेल अॅथलीट ट्रायड’ या नावाने मांडले. २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञगटाने त्याला ‘रेड-एस’ हे अधिक व्यापक नाव दिले. ऊर्जेची तूट हृदय, आतडी, प्रतिकारशक्ती आणि मन यांनाही पोचते आणि पुरुष खेळाडूही तिच्यातून सुटत नाहीत, हे त्यातून मान्य झाले.

हाडांवरचा परिणाम सर्वांत खोल असतो. हाड सतत झिजते आणि नव्याने घडते. झिजेला लगाम घालण्याचे काम इस्ट्रोजेन करते. ते कमी झाले की झीज पुढे जाते आणि घडण मागे पडते. विशीच्या अखेरीपर्यंत हाडांची कमाल घनता कमावून व्हायची असते, नेमक्या त्याच काळात खेळाडूचा सराव सर्वांत कठीण असतो. परिणामी नडगी, पावलाची हाडे, मांडीच्या हाडाची मान यांना बारीक तडे जातात. अमेरिकेची मेरी केन २०१३ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, जागतिक स्पर्धेत १,५०० मीटरच्या अंतिम फेरीत धावली होती. वजन उतरवण्याच्या दबावाखाली आपली पाळी तीन वर्षे थांबली आणि पाच हाडे मोडली, असे तिने २०१९ साली जाहीरपणे सांगितले.

पाळी थांबली की गर्भनिरोधक गोळ्या देण्याची पद्धत अजून दिसते. त्या गोळ्यांनी महिन्याला रक्तस्राव होतो, पण ती नैसर्गिक पाळी नव्हे. ऊर्जेची तूट तशीच राहते, हाडांना अपेक्षित संरक्षण मिळत नाही आणि धोक्याची खूण तेवढी झाकली जाते.

स्नायूंची देखभाल

स्नायूही रोज मोडतात आणि घडतात. नवी प्रथिने रचण्याचे काम ऊर्जाखाऊ आहे. शिल्लक कमी असली की सराव तोच राहूनही ही रचना मंदावते आणि खाल्लेल्या प्रथिनांतली काही इंधन म्हणून जळतात. धावपटू वर्षभर घाम गाळते आणि वेग मात्र तिथेच राहतो, याचे हे एक कारण असते.

लांब पल्ल्याच्या खेळाडूंना रोज दर किलो वजनामागे १.२ ते २ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ५० किलोच्या स्त्रीला ६० ते १०० ग्रॅम. एकाच जेवणात सगळी घेण्यापेक्षा दर तीन-चार तासांनी १५ ते २५ ग्रॅम घेतल्यास स्नायूंना त्यांचा उपयोग अधिक होतो. दोन अंड्यांत सुमारे १२ ग्रॅम, मोठ्या ग्लासभर दुधात ८ ग्रॅम आणि मूठभर शेंगदाण्यांत ७ ग्रॅम प्रथिने मिळतात. शाकाहारी स्त्रीला उसळ, डाळ, दही, पनीर किंवा सोयाबीन यांचा मेळ प्रत्येक जेवणात घालावा लागतो. नुसत्या पातळ वरणाने हा आकडा गाठता येत नाही.

दुसरी गरज वजनी व्यायामाची. आठवड्यातून दोनदा स्क्वॉट, डेडलिफ्ट, पायऱ्यांवर चढउतार असे जोरकस व्यायाम केल्याने त्याच वेगाला कमी प्राणवायू लागतो. स्नायूबंध आणि हाडेही बळकट होतात. वजने उचलल्याने अंग पुरुषी होईल ही भीती निराधार आहे. स्त्रीच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरुषाच्या मानाने कितीतरी पट कमी असते. चाळिशीनंतर तर हा व्यायाम अधिकच महत्त्वाचा ठरतो. रजोनिवृत्तीच्या सुमारास इस्ट्रोजेन उतरते, स्नायू घटू लागतात आणि चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते. नुसते किलोमीटर वाढवून ती झीज भरून निघत नाही.

तिसरी गरज लोहाची. रक्तातले हिमोग्लोबिन, स्नायूंतले मायोग्लोबिन आणि मायटोकॉन्ड्रियातली यंत्रणा, तिन्हींना लोह लागते. पाळीतून आणि घामातून ते जाते. कठीण व्यायामानंतर काही तास हेप्सिडिन हे संप्रेरक वाढून आतड्यातले लोहाचे शोषणही रोखते. भारतात १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत, असे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले. अशा परिस्थितीत धावणाऱ्या स्त्रीने हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तपासून घेणे शहाणपणाचे. लोहाच्या गोळ्या तपासणीशिवाय घेऊ नयेत. जेवणाबरोबरचा चहा लोहाचे शोषण रोखतो, लिंबू आणि आवळा ते वाढवतात.

चरबीचे मोजमाप

शरीरातली चरबी थेट मोजता येत नाही, अंदाजता येते. क्ष-किरणांचे डेक्सा यंत्र त्यातल्या त्यात भरवशाचे. चिमट्याने कातडीची घडी मोजण्याच्या पद्धतीत मोजणाऱ्याच्या हातावर बरेच अवलंबून असते. घरगुती विद्युत काटे शरीरातल्या पाण्यावरून अंदाज बांधतात, त्यामुळे दोन ग्लास पाणी, घाम किंवा पाळीआधीची सूज एवढ्यानेही आकडा हलतो. या पद्धतींत तीन-चार टक्क्यांची चूक सहज होते. १८ की २० टक्के यावर खेळाडूला रागावणे, संघासमोर तिचे वजन जाहीर करणे, याला शास्त्राचा आधार नाही.

वयात येणाऱ्या मुलींच्या बाबतीत तर अधिकच जपायला हवे. तेराव्या ते सोळाव्या वर्षांत नितंब भरतात, चरबी वाढते आणि एखाददोन वर्षे वेळ सुधारत नाही. ही वाढ आहे, आळस नव्हे. वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत पाळी सुरूच झाली नाही किंवा सुरू झालेली तीन महिने आली नाही, तर तो कठोर सरावाचा पुरावा मानू नये. गर्भधारणा, थायरॉइड आणि पीसीओएस ही कारणे तपासून डॉक्टर तूट आहे का ते ठरवतात.

ताटातली दुरुस्ती

उपाय औषधापेक्षा ताटात जास्त आहे. रोज तासभर सराव करणाऱ्यांना दर किलो वजनामागे ५ ते ७ ग्रॅम कर्बोदके लागतात. सराव दोन-तीन तासांचा असेल तर हा आकडा १० पर्यंत जातो. भाकरी, भात, पोहे, रताळी आणि केळी यांना घाबरून ते साधत नाही. पहाटे निघण्याआधी केळे किंवा गूळ-शेंगदाणे, दीड तासापेक्षा लांब धावेत ताशी ३० ते ६० ग्रॅम साखर पेय वा खजुरातून, आणि परतल्यावर तासाभरात पोटभर न्याहारी, एवढ्यानेही तूट बरीच भरते. रोजच्या १,००० मिलिग्रॅम कॅल्शियमसाठी दूध-दह्याच्या जोडीला नाचणी उपयोगी आहे. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते.

पोटभर खायला लागल्यावर शरीर सावरते, पण सगळे अवयव एकाच गतीने नाही. चयापचयाची संप्रेरके काही दिवसांत किंवा आठवड्यांत पूर्वपदावर येऊ लागतात. पाळी परतायला कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ जातो. हाडांना वर्षे लागतात आणि ऐन तारुण्यात गमावलेली घनता प्रत्येकीला पूर्ण परत मिळतेच असे नाही.